भिंतीवरची पिल्लं

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसायची. चित्रकलेची टीचर, विहारात पुढच्या रांगेत बसणारी, विज्ञाननिष्ठ वगैरे… लई शहाणी होते मी. आता सत्तरी आली, तेवढी शहाणी राहिले नाही.

घाटनांदूरजवळच्या आमच्या गावात शाळेमागं चिंच होती. पावसाळ्यात तिच्यावर बगळ्यांची घरटीच घरटी. खाली घाण, वास. सरपंच अण्णांनी झाड पाडायचं ठरवलं, तेव्हा आमच्या वस्तीतली म्हातारी धोंडाआत्या मधे उभी राहिली.

"अण्णा, पंधरा दिवस थांबा. पिल्लं उडू द्या की."

मी नाकाला पदर लावून म्हणाले, "आत्या, तुमच्या घरात सोडायची का?" सगळे हसले. मला वाटलं, काय विनोदी बाई आहे मी.

झाड पडलं. पिल्लं चिखलात तडफडत होती. माणसांनी ती काठीनं मारली, अंगानं भरलेली तेवढी खायला पिशवीत टाकली. मी पाहिलं, डबा खाल्ला आणि तासाला गेले.

पुढच्याच महिन्यात अण्णांनी शाळेच्या भिंतीवर निसर्गाचं चित्र मागितलं. मी हिरवीगार चिंच काढली, वर पांढरे बगळे. दुसऱ्या दिवशी पाहते तर झाडाखाली मान मोडलेली पिल्लं, काठ्या घेतलेली माणसं, आणि नाकाला पदर लावून हसणारी एक बाई. रंग माझे. ब्रशचा फटकारा माझा. बगळ्याचा गुडघा मी कायम उलटा वाकवते, तोही तसाच…

चुना फासला. समोर खुर्ची टाकून बसले. भरदुपारी पाणी प्यायला मान वळवली — तेवढ्यात सगळं परत. बोट लावलं तर रंग वाळलेला.

अण्णा आले. शिपायाला म्हणाले, "कोणाचं काम हाय बे हे?" मग माझ्याकडं वळले. "बाई, तुमी काढलं का?"

नोकरी डोळ्यांपुढं आली. "न्हाई अण्णा. धोंडाआत्या इथं घिरट्या घालत होती."

आत्याला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ब्रश तिनं जन्मात धरला नव्हता. अण्णांनाही ठाऊक होतं. तरी संध्याकाळी वस्तीचा नळ तोडला. वर्षभर आत्या चाचपडत, घागर घेऊन माझ्या दारावरून विहिरीला जायची. "बरी हायस का गं?" विचारायची.

भिंतीला पुन्हा चुना दिला, त्यानंतर काही उमटलं नाही. चित्र कुणी काढलं, मला आजही सांगता येत नाही. आत्याचं नाव कुणी घेतलं, हे वस्तीत अजून कुणाला माहीत नाही… हे टाइप करणारी माझी नात या ओळीआधी बराच वेळ थांबली होती.