जनावरांच्या डॉक्टरांचा अर्ज

आमच्या भागात तेव्हा दोनच पक्ष होते आणि दोन्हीकडचे उमेदवार एकमेकांचे व्याही. भाषणांत एकमेकांची सालटी काढायची आणि लग्नात एकाच पंगतीला बसायचं. मला त्या दोघांचाही मनापासून राग यायचा, अजूनही येतो.

नव्वदच्या दशकातल्या त्या निवडणुकीत जनावरांच्या डॉक्टरांनी अपक्ष अर्ज भरला. सरकारी नोकरी सोडून मोटारसायकलवर गावोगावचे गोठे फिरणारा हा माणूस. कुणाची गाय कधी व्यायली ते त्याला तोंडपाठ. सूचक म्हणून सही केली माझ्या वडिलांनी. मग राहुरीच्या चहाच्या टपऱ्यांपासून घोडेगावच्या जनावरांच्या बाजारापर्यंत एकच चर्चा. कुणी म्हणे मतं फोडायला उभा केलाय, कुणी म्हणे शेवटच्या दिवशी मागे घेईल. निवडून येईल, असं मात्र कुणीच म्हणेना.

इकडे आमचा दीड एकर ऊस तोडीला आलेला. कारखाना त्यातल्याच एका व्याह्याच्या हातात. ऊसतोडीची टोळी शेजारच्या वावरापर्यंत आली आणि आमचं वावर सोडून पुढे गेली. मुकादम वडिलांना म्हणाला, "डॉक्टरांनी अर्ज मागं घेतला की येतो. मला वरनं सांगणं हाय." वडिलांना अन्न गोड लागेना. मी तावातावाने कारखान्यावर जायला निघाले, तर आईने अडवलं.

"वरडून काय हुनार हाय? कोयता घे," ती म्हणाली.

तिने गावात सांगून टाकलं, ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याने आमचा ऊस चाऱ्याला तोडून न्यावा. दोन्ही पक्षांची माणसं बैलगाड्या घेऊन आली. लाजत आली, पण आली. दोन दिवसांत वावर मोकळं झालं. वर्षभराचं पीक गाईम्हशींच्या पोटात गेलं आणि मला आमच्या घराचा कधी नव्हे इतका अभिमान वाटला.

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी दुपारी डॉक्टर आमच्याकडे आले. मुदत तीनपर्यंत होती. खाली मान घालून वडिलांना म्हणाले, "मी तहसीलला निघालोय. तुमचा ऊस माझ्यापायी वाळायला नको."

आईने त्यांना मोकळं वावर दाखवलं. "ऊस न्हाई ऱ्हायला, डॉक्टर. आता आमच्या नावावर मागं घेऊ नका."

 डॉक्टरांनी पायातल्या चपला काढल्या आणि तीन वाजेपर्यंत आमच्या ओट्यावर बसून राहिले.