दीड सेकंदाचा उशीर

डबीवरचा हिरवा दिवा लागला तेव्हा हमीदचाचांच्या पडवीत सात-आठ माणसं बसली होती. सगळ्यांचं लक्ष माझ्या हातांकडे. मी रिसीव्हर उचलला, टोन आलाय ना ते ऐकलं आणि रिसीव्हर चाचांना दिला.

“लावा दम्मामला,” मी म्हटलं.

२००६ सालची गोष्ट. रत्नागिरीत मारुती मंदिरापाशी माझं कॉम्प्युटरचं छोटं दुकान होतं. गावात ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं आणि त्यावर चालणारे इंटरनेट फोन मी विकायला घेतले होते. काम सोपं. ब्रॉडबँडच्या मोडेमला अडॅप्टर नावाची एक डबी जोडायची आणि डबीला नेहमीसारखाच एक फोन. परदेशात बोलणं एकदम स्वस्त होई. खाडीपलीकडच्या गावांत जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणीतरी आखातात नाहीतर जहाजावर. मला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नव्हतं.

माझ्याकडे दोन कंपन्यांची सर्व्हिस होती, एक स्वस्त, एक जरा महाग. हमीदचाचा दुकानात आले तेव्हा त्यांनी दोन्ही पत्रकं समोर धरली, चष्मा कपाळावर ढकलला आणि मला म्हणाले, “ह्यातलं मला काय कळत नाय. तुमच्या घरात जी घ्याल ती द्या.”

मी त्यांना स्वस्तातली दिली. माझ्या घरात महागातली होती.

फरक काय होता ते सांगतो. इंटरनेट फोनमध्ये आपला आवाज अखंड जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकडा वेगळा जातो आणि पलीकडे ते पुन्हा ओळीनं लावले जातात. आंब्याच्या पेट्या पाठवण्यासारखंच. चांगला ट्रान्सपोर्टवाला पेट्या घेतो आणि सरळ निघतो. स्वस्तातला हातखंब्याच्या नाक्यावर आणखी माल मिळतो का बघत थांबतो, मग लांबच्या रस्त्यानं जातो. माल पोचतो, पण उशिरा. आवाजाच्या या उशिराला आमच्या धंद्यात डिले म्हणतात. स्वस्त सर्व्हिसवर तो चांगलाच जाणवायचा. तुम्ही प्रश्न विचारला की तो पलीकडे उशिरा पोचणार, आणि तिकडून उत्तरही तसंच उशिरा येणार.

मी एकदा स्वस्त कंपनीच्या एरिया मॅनेजरला फोन करून हे विचारलं होतं.

“कस्टमरनं कम्प्लेंट केलीय का?” तो म्हणाला.

“नाही अजून.”

“मग तुम्ही कशाला शिकवताय त्याला? महिन्याची वीस कनेक्शन्स झाली नाहीत तर एजन्सी चिपळूणच्या पार्टीला जाते, एवढं लक्षात ठेवा.”

बाकी सगळं मी चाचांना नीट सांगितलं, हे मुद्दाम लिहितो. लोडशेडिंगचे दिवस होते. वीज गेली की हा फोन बंद पडेल म्हणून जुना फोन काढू नका, असं मी दोनदा बजावलं. डबीवर पाणी पडू देऊ नका म्हटलं. डिले तेवढा वगळला.

चाचा तीस वर्षं मालवाहू जहाजांवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. त्यांची मुलगी शबाना उर्दू शाळेत शिक्षिका. तिची मंगनी इरफानशी झाली होती. इरफान सौदीत दम्मामला एसी दुरुस्तीचं काम करायचा, आणि तो पुढच्या सुट्टीत आला की निकाह, असं ठरलं होतं. हा फोन मुख्यतः त्याच्यासाठीच घेतला होता.

त्या पहिल्या दिवशी चाचा त्याच्याशी दोन मिनिटं बोलले. मध्ये दोघं एकदमच बोलायला लागले, एकदमच थांबले. फोन ठेवल्यावर चाचा माझ्याकडे वळले.

“सुर्वे, आमच्या टायमाला जहाजावर वायरलेस असायचा. आपलं बोलून झालं की ‘ओव्हर’ म्हणायचं. मग समोरच्यानं बोलायचं. तसा काय नियम आहे काय यात?”

पडवीतला रज्जाक हसायला लागला. तो त्यांचा शेजारी, आणि त्यालाही कनेक्शन घ्यायचं होतं. “चाचा, बोट कधीच सोडलीत तुम्ही. आता काय जावयाला ‘सलाम आलेकुम, ओव्हर’ करणार?”

सगळे हसले. चाचाही हसले. आणि मीही हसून म्हणालो, “तसं काही नाही चाचा. साध्या फोनसारखाच आहे.”

त्या पडवीत मला आणखी चार कनेक्शन्स मिळाली. महिन्याची वीस पूर्ण झाली.

दीड महिन्यानं चाचा दुकानात आले. बस पकडून एकटेच आले होते. रज्जाकही तेव्हा दुकानात होता, आपल्या भावाला घेऊन आला होता; भावाला फोन घ्यायचा होता. चाचा स्टुलावर बसले. पाणी दिलं ते हातातच धरून राहिले.

“सुर्वे, एक विचारतो. खरं सांगायचं.”

“विचारा.”

“मशीन उशीर करतं काय?”

मी त्यांच्याकडे बघितलं.

“इरफान आधी बूथवरून फोन करायचा तेव्हा फटाफट बोलायचा. घरात हे मशीन आल्यापासून पोरगा तोलून बोलतो. काय विचारलं की गप्प. मग जवाब. आता दम्मामवरून एक माणूस आलाय सुट्टीवर. तो सांगतो, इरफाननं तिकडं निकाह लावलाय म्हणून. मी पोराला सरळ विचारलं, ‘तुजा तिकडं दुसरा काय हाय?’ तो गप्प. मी म्हटलं, ‘बोल.’ तरी गप्प. मग ‘नाही’ म्हणाला. सुर्वे, ज्याच्या मनात काय नाय, तो एवढा थांबतो?”

काय झालं असणार ते माझ्या डोळ्यांसमोर लगेच उभं राहिलं. इरफाननं ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं असणार, तेवढ्यात चाचांचं ‘बोल’ त्याच्या कानात पडलं असणार आणि तो अडखळला असणार. पहिला ‘नाही’ कुठेतरी तुकड्यांतच हरवला असणार. हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं.

रज्जाकचा भाऊ हातात फॉर्म घेऊन माझ्याकडे बघत होता.

“नाही चाचा,” मी म्हणालो. “मशीनला वेळ लागत नाही. वेळ माणसाला लागतो.”

हे वाक्य मी नेमकं असंच बोललो. चाचांनी ग्लासातलं पाणी संपवलं, मान हलवली आणि उठले. रज्जाकच्या भावानं फॉर्मवर सही केली.

पुढच्या जुम्म्याला चाचांनी मंगनी मोडल्याचं मला रज्जाककडूनच कळलं. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. मस्कतला असलेल्या मेहुण्याला त्याच स्वस्त सर्व्हिसवरून फोन लावला. म्हटलं, मी ‘एक’ म्हणालो की तू लगेच ‘दोन’ म्हण. हातात स्टॉपवॉच घेतलं. दहा वेळा मोजलं. दीड सेकंदाच्या खाली एकदाही आलं नाही. मेहुणा म्हणाला, “दाजी, बरे आहात ना?”

तेव्हाच खाडी ओलांडून जायला हवं होतं. मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. एजन्सी जाईल, गावात तोंड दाखवता येणार नाही, बाकीचे लोक डब्या परत आणून टाकतील, असले हिशेब. पाच महिने असेच गेले. इरफान सुट्टीवर आला. दम्मामच्या त्याच्या बिल्डिंगमध्ये दुसरा एक इरफान होता आणि निकाह त्यानं लावला होता, हे तोवर सगळ्या गावाला कळलं होतं. पण इरफानच्या घरचे दुखावले होते. त्यांनी त्याचं लग्न गुहागरकडच्या एका मुलीशी लावून दिलं.

त्यानंतर मी गेलो. चाचा तिसऱ्या प्रहरच्या, अस्रच्या नमाजला गेले होते. शबाना पडवीत बसून वह्या तपासत होती.

“फोन चालू आहे, काका,” ती म्हणाली. “कंप्लेंट नाही केली आम्ही.”

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मॅनेजर, वीस कनेक्शन्स, दीड सेकंद. ती लाल पेन हातात धरून ऐकत होती.

“मला कळलं होतं,” ती म्हणाली.

“कसं?”

“एकदा सहज विचारलं त्याला, तिकडं पाऊस आहे काय. त्याचा जवाब द्यायलाही तेवढाच वेळ लागला. दम्मामात पावसाचा काय विचार करायचा?”

“मग अब्बांना बोलली नाहीस?”

“बोलले ना. म्हणून तर ते तुमच्याकडे आले.”

तिनं लाल पेन वहीवर ठेवलं.

“मी म्हटलं, अब्बा, हे मशीनचं आहे. ते म्हणाले, मी सुर्व्यांना विचारून येतो, त्यांना त्यातलं कळतं. परत आले आणि म्हणाले, सुर्वे नाय म्हणतात. सुर्वे कशाला खोटं बोलतील.”

ती हे रागानं बोलली नाही. शाळेत झालेली एखादी गोष्ट सांगावी तशी बोलली. मी म्हटलं, चाचा येईपर्यंत थांबतो, त्यांना स्वतः सांगतो.

“नको,” ती म्हणाली. “तो दुसरा इरफान होता हे कळल्यापासून ते नीट जेवत नाहीत. पण म्हणतात, माझ्या प्रश्नाला तो थांबलाच होता, काहीतरी असणारच. त्या एका गोष्टीवर त्यांचं चाललंय. तुम्ही तेही काढून घेणार. तुम्हाला हलकं वाटेल. त्यांनी काय करायचं?”

चाचा आले. मला बघून त्यांना बरं वाटलं. त्यांनी आत चहा सांगितला. गावात आणखी एकाला इंटरनेट फोन हवाय, त्याला माझं नाव सांगितलंय, म्हणाले. मी चहा प्यायलो आणि परत आलो. काहीही बोललो नाही.

स्वस्तातली सर्व्हिस मी त्याच महिन्यात बंद केली. एजन्सी गेली. त्या गावातल्या सगळ्या घरांत मी स्वखर्चानं दुसरी सर्व्हिस लावून दिली. चाचांना सांगितलं, कंपनीची नवीन स्कीम आहे. म्हणजे पुन्हा खोटंच. फोन बदलल्यानंतर तिकडून आवाज लवकर येतो असं ते मला एकदाही म्हणाले नाहीत. त्यांना तो फरक जाणवला असणार अशी भीती मला आजही वाटते.

हमीदचाचा आता नाहीत. शबानाचं पुढे लग्न झालं, ती अलोऱ्याला असते. हे लिहिण्याआधी मी तिला विचारलं. ती म्हणाली, नावं बदला आणि लिहा.

अजूनही लोक विचारायला येतात, घरासाठी कुठला इंटरनेट फोन घ्यावा. मी दराचं पत्रक आधी काढत नाही. त्यांना म्हणतो, परदेशातल्या तुमच्या माणसाला इथूनच फोन लावा, पाच मिनिटं बोला आणि किती थांबायला लागतं ते बघा. काही जण वैतागून दुसऱ्या दुकानात जातात. मी त्यांना थांबवत नाही.