मुकादमांनी कौतुक करायला घेतलं

माझे मामा एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागाचे मुकादम होते. विभाग तळघरात होता. वरच्या सात मजल्यांवरच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट सकाळी गाठोड्यांनी खाली यायचे आणि संध्याकाळपर्यंत धुऊन, वाळून, घड्या होऊन हातगाड्यांवरून वर जायचे. मामांच्या हाताखाली नऊ माणसं. बावीस वर्षांत त्यांनी कुणाला शिवी दिली नव्हती आणि कुणाला शाबासकीही दिली नव्हती. काम उत्तम झालं की म्हणायचे, "चालेल." काम बिघडलं की काहीच म्हणायचे नाहीत, नुसते बघायचे. त्या बघण्यापेक्षा शिवी परवडली, असं तळघराचं एकमत होतं.

अशा माणसाला व्यवस्थापनाने दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. हाताखालच्या माणसांत उत्साह कसा आणावा, हा विषय. खरं तर नाव स्वयंपाकघराच्या प्रमुखांचं लागलं होतं, पण त्यांची दाढ ऐन वेळी दुखायला लागली. मामा गेले, पहिल्या रांगेत बसले आणि शाळेत असल्यासारखं सगळं उतरवून घेतलं. परत आले ते एक निळी वही घेऊन. वहीत यशस्वी आयुष्याच्या रोजच्या सवयी होत्या. पहाटे उठणे. आरशासमोर उभं राहून स्वतःशी चांगलं बोलणे. सकाळी सगळ्यांनी पाच मिनिटं उभ्या उभ्या बोलणे. समोरच्याचं मध्येच न तोडता ऐकणे. आणि प्रत्येकाचं दिवसातून एकदा कौतुक करणे.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मामीला न्हाणीघरातून आवाज आला. "तू करू शकतोस," मामा कुणाला तरी सांगत होते.

मामीने दार वाजवलं. "आत कोण आहे?"

"मीच आहे."

"मग काय करायचं ते लवकर करा आणि बाहेर या. मला अंघोळ करायचीय."

आरशाची सवय तिथेच सुटली. बाकीच्या त्यांनी कामावर नेल्या.

सुरुवात आक्कांपासून केली. आक्का घडीच्या टेबलावर एकोणीस वर्षं होत्या, वयाने मामांपेक्षा मोठ्या, आणि तळघरातली प्रत्येक बातमी आधी त्यांच्याकडे हजेरी लावून मग पुढे जायची. मामा त्यांच्यासमोर उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "आक्का, तुमच्या घड्या फार नीट असतात."

आक्कांच्या हातातली चादर अर्धीच राहिली. "काय झालं?"

"काही नाही. नीट असतात, एवढंच."

"एकोणीस वर्षं नीटच असतात. आज काय झालं?"

मामा हसले. त्यांचे दात आक्कांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले, आणि चादर तशीच टाकून त्या इस्त्रीवाल्याकडे गेल्या.

दुपारपर्यंत तळघरात पक्कं ठरलं होतं. धुलाईचं काम बाहेर कंत्राटाने जाणार, सगळे घरी बसणार, आणि ही बातमी गोडीत कशी सांगायची ते शिकवायलाच मुकादमांना दोन दिवस नेलं होतं. मामा जितकं गोड बोलत तितका पुरावा भक्कम होई. इस्त्रीवाल्याला ते म्हणाले, "तुझी कॉलर बघून बरं वाटतं." तो घरी जाऊन बायकोला म्हणाला, आपलं काही खरं नाही. आठवडाभरात दोघांनी आजारपणाची रजा टाकली. ड्रायरवाला मुळातच अबोल. तो कुणाशी काही बोलला नाही. एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत जाऊन अर्ज देऊन आला.

आठव्या दिवशी सकाळच्या पाच मिनिटांत आक्कांनी तोंड उघडलं. "मुकादम, सरळ सांगा. आम्हाला कधी काढताय?"

कुणी काढायचं, कशाला काढायचं, मामांना काही कळेना. सगळा प्रकार उलगडल्यावर त्यांचे कान लाल झाले. त्यांनी खिशातून वही काढली आणि इस्त्रीवाल्याच्या हातात दिली. "हे बघा. मला हे शिकवलंय."

इस्त्रीवाल्याने वही मोठ्याने वाचली. शेवटच्या पानावर नऊ नावं होती आणि केलेल्या कौतुकासाठी नावापुढे बरोबरच्या खुणा.

"आक्कांना चार, आणि मला दोनच?" इस्त्रीवाला म्हणाला.

मग जो हशा पिकला तो वर बाह्यरुग्ण विभागापर्यंत ऐकू गेला असणार. ड्रायरवाला वाकून पान बघत होता. त्याच्या नावापुढे एकही खूण नव्हती.

"माझं काय, मुकादम?"

"तुझं शोधतोय," मामा प्रामाणिकपणे म्हणाले.

पुन्हा सगळे हसले. ड्रायरवाला हसला नाही.

"कौतुक राहू द्या," आक्का म्हणाल्या. "ते ऐकून घ्यायचं लिहिलंय ना, ते करा. हे टेबल बुटकं आहे. संध्याकाळी माझी कंबर सरळ होत नाही."

"एकोणीस वर्षांत कधी बोलला नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि आपणहून सांगावं, असा तुमचा चेहरा नव्हता."

हे मामांना लागलं. उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, पण मध्येच तोडायचं नाही असं वहीत होतं, म्हणून मिटलं. टेबल उंच करायला सुतार हवा तर अर्जात कारण लिहावं लागे. कारण स्वतः बघावं म्हणून मामा त्या टेबलाशी उभे राहिले आणि शंभर चादरींच्या घड्या घातल्या. साठाव्या चादरीला त्यांनी कमरेवर हात ठेवला. शंभराव्याला ते वाकले ते वाकलेलेच राहिले. दोघांनी धरून त्यांना खुर्चीवर बसवलं आणि अर्ज त्यांनी तिथूनच लिहिला. चार दिवसांत टेबलाच्या पायांना ठोकळे लागले.

मग रोज सकाळी काही ना काही निघू लागलं. हातगाडीचं चाक अडतं. साबणाची पोती फार आत ठेवतात. मामा ऐकायचे आणि जमेल ते करायचे. कौतुकाचं पान त्यांनी फाडून टाकलं.

महिन्याभराने ड्रायरवाल्याला हॉटेलचं बोलावणं आलं. आधीच्या मुकादमाचं शिफारसपत्र हवं होतं. तो मामांसमोर मान खाली घालून उभा राहिला.

"काढणार नाही म्हटलं तरी चाललास?" मामांनी विचारलं.

"तिथे मशिनं नवी आहेत. बघावंसं वाटतं."

मामा रविवारी सकाळी घरी पत्र लिहायला बसले. मला वाटलं, दोन ओळीत संपवतील. दीड पान झालं. सात वर्षांत त्याच्या हातून एकही चादर करपली नव्हती. ड्रमच्या आवाजावरून यंत्र बिघडणार हे तो आदल्या दिवशी सांगायचा. लहान मुलांच्या वॉर्डातले कपडे तो सगळ्यात शेवटी काढायचा, गरम असतानाच वर जावेत म्हणून. हे कुणी त्याला सांगितलेलं नव्हतं.

ड्रायरवाल्याने पत्र उभ्यानेच वाचलं. दोनदा वाचलं.

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"दिसत होतं," मामा म्हणाले. "बोलायचं असतं हे ध्यानात आलं नाही."

तो थांबला असता तर गोष्टीला शोभलं असतं, पण तो गेला. मामा त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. आजवर कुणासाठी गेले नव्हते. परत आले तेव्हा ओल्या चादरींची गाडी ड्रायरपाशी उभी होती आणि चालवायला कुणी नव्हतं. मामांनी बाह्या सरसावल्या. पहिल्याच फेरीत दोन चादरी पिवळ्या पडल्या. आक्कांनी त्या उचलून फडक्यांच्या ढिगात टाकल्या आणि मामांना म्हणाल्या, "आवाज ऐका ड्रमचा. ड्रायरवाला ऐकायचा." मामा ड्रमला कान लावून उभे राहिले.