कुसुमआत्याला क्यू कोणी दिला?

भुताखेतांचे किस्से मी मन लावून वाचते आणि मनसोक्त हसते. तुळिंजच्या क्लासमध्ये बारावीला फिजिक्स शिकवणाऱ्या बाईने दुसरं काय करावं? हे वाचून माझेच विद्यार्थी उद्या दात काढणार... काढा!

माझी कुसुमआत्या आगाशीची, केळी-नारळाच्या वाडीवाल्या घरातली. टीव्हीवर मराठी बातम्या देणाऱ्या पहिल्या काही बायकांमधली एक. तेव्हा समोर ओळी सरकवणारं मशीन नव्हतं. कागद हातात, वाक्य संपता संपता मान वर. आजोबांच्या ओटीवर अख्खी आळी जमायची आणि आत्या पडद्यावर ‘नमस्कार’ म्हणाली की म्हाताऱ्या उलट हात जोडायच्या. तिने लग्न केलं नाही. ‘बातम्यांची वेळ आणि सासरी पानं वाढायची वेळ एकच,’ म्हणायची.

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा मात्र गेली. डॉक्टर म्हणाले, सराव केला तर बोलणं परत येईल. दर आठवड्याला पेपर वाचायला द्या, मोबाईलवर रेकॉर्ड करा. पण पहिलाच शब्द वाकडा आला आणि आत्याने पेपर भिरकावला. जिच्या उच्चारांचे दाखले आईबाप मुलांना द्यायचे, तिला स्वतःचा तो आवाज सोसेना. मग ती तोंडच उघडेना. मला तिचा भयंकर राग यायचा, आणि विरारला घरी परतताना रडू.

त्या रविवारी सकाळी घरात आम्ही तिघीच होतो — आत्या, मी आणि तिचं सगळं करणारी अर्नाळ्याची सुनंदा. टीव्ही बंद. मी मोबाईल टेबलावर उभा करून रेकॉर्डिंग सुरू केलं, पेपर तिच्यापुढे ठेवला आणि वैतागून म्हटलं, “वाच, नाहीतर नको वाचूस. मी दमले गं.”

आत्याने पदर सारखा केला. पेपरची पानं टेबलावर आपटून कडा जुळवल्या. मग मोबाईलच्या जरा बाजूला, रिकाम्या भिंतीकडे बघत बसली. मी काही बोलणार, तर हातानेच गप्प केलं. आणि —

“नमस्कार.”

मग अडखळत, घाम गाळत... “वसई... विरारमध्ये... उद्या... पाणी... नाही.”

“ताई, काकी बोलल्या! पानी नाय बोलल्या!” सुनंदा ओरडली. आपल्याकडे पाणी नाही ही बातमी ऐकून आनंदाने रडलेली मी बहुतेक पहिलीच.

दुपारी कौतुकाने व्हिडिओ लावला. आत्याच्या ‘नमस्कार’च्या आधी एका पुरुषाचा आवाज होता. शांत, अगदी जवळून... “पाच... चार... तीन...” मग थोडी शांतता. मग “नमस्कार”.

खोलीत आम्हा दोघींना काहीही ऐकू आलं नव्हतं. सुनंदाने देवापुढे दिवा लावला; मी फोन तपासला, शेजारीपाजारी विचारलं. हाती काही लागलं नाही.

आत्या मात्र घाबरली नाही. व्हिडिओ ऐकून तिने दोन बोटं दाखवली, मग एक, आणि म्हणाली, “सावंत.”

शब्द वाढत गेले तसं पुढचं कळलं. सावंत म्हणजे स्टुडिओतले फ्लोअर मॅनेजर. बातम्या सुरू करायचा इशारा, म्हणजे क्यू, तिला वर्षानुवर्षं तेच द्यायचे. तीनपर्यंत तोंडाने मोजायचं. दोन आणि एक फक्त बोटांनी, कारण तोवर माईक उघडलेला असतो. हे मला ठाऊकच नव्हतं. सावंत वारूनही बरीच वर्षं झाली होती.

आता आत्या रोज अर्धं पान वाचते. कधी गाडी अडते, पण पेपर भिरकावत नाही. ते रेकॉर्डिंग मी अजूनही ऐकते. आणि दर वेळी फिजिक्सचं एखादं पुस्तक पुन्हा उघडते.

तो आवाज पुन्हा कधीच आला नाही. परवा न राहवून विचारलं, “आत्या, सावंत आता का गं येत नाहीत?”

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“बातम्या सुरू... झाल्या ना,” ती म्हणाली. “आता तो... कशाला बोलेल?”