पलंगाखालची फरशी

फरशीवाला आणि त्याचा मेव्हणा जोडीनं काम करायचे. मेव्हण्यानं उभ्यानं फरशा कापायच्या, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं. फरशीवाल्यानं गुडघ्यांवर रांगत त्या बसवायच्या. खरं तर आळीपाळीनं बसवायचं ठरलं होतं. पण पहिल्याच वर्षी मेव्हण्याची पाठ धरली, ती काही सुटायचं नाव घेईना. "भाऊजी, वाकलो की कळ पार मस्तकात जाते हो!" बिचाऱ्याची खाली पडलेली थापीसुद्धा फरशीवालाच उचलून द्यायचा.

संध्याकाळी बायको त्याचे गुडघे शेकायची. म्हणायची, "त्याची पाठ तरी कुठे धड आहे?"

शेवटी उजव्या गुडघ्यानं हात टेकले. डॉक्टर म्हणाले, "कूर्चा झिजून खड्डा पडलाय. जिथं भार येत नाही तिथली कूर्चा हाडाच्या तुकड्यासकट काढून इथं बसवू."

"म्हणजे पलंगाखालची फरशी काढून दारात लावायची!"

डॉक्टर हसले. "अगदी तसंच. आणि पक्की होईपर्यंत पाय टेकायचा नाही."

हे तर तो जन्मभर गिऱ्हाइकांनाच बजावत आला होता.

शस्त्रक्रिया छान झाली. पण घरी बसून त्याला घोर लागला तो मेव्हण्याचा. तसली पाठ घेऊन पोरगा एकटा काय करत असेल? बायको म्हणाली, "कुबड्या घेऊन कुठं निघालात? पडाल बिडाल. त्याचं तो बघेल." तिची माया बघून याचे डोळे भरून आले. तरी शेजाऱ्याच्या गाडीतून तो कामावर गेलाच.

दारातच थबकला. मेव्हणा गुडघ्यांवर बसून, शीळ घालत, रबरी हातोड्यानं फरशी ठोकत होता. उठला, वाकून फरशांची थप्पी उचलली, परत बसला. खोली जवळजवळ पुरी झाली होती, आणि काम नजर लागण्यासारखं.

चाहूल लागताच तो टुणकन उठला. "भाऊजी, तुम्ही?" मग हात कमरेवर गेला.

"काढ तो हात," फरशीवाला म्हणाला. इतकी वर्षं घरच्याच माणसानं केसानं गळा कापला होता, आणि हा त्याला थाप्या उचलून देत बसला होता.

तो घरी आला. बायकोनं दार उघडलं. त्यानं अजून तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. तिनं गुडघ्याचं विचारलं नाही. नुसतं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तुम्ही त्याला फार बोलला नाहीत ना?"