जास्तीचा ळ

मराठीतल्या ळ या अक्षरासाठी माझ्या थोरल्या नणंदेने जितका जीव टाकला, तितका आजवर कुणीच टाकला नसेल. पंडितांनी त्याच्यावर पानंच्या पानं लिहिली असतील, पण त्याच्यापायी तलावाच्या पाळीवर उभं राहून पाण्यातले मासे कुणी पळवून लावले नसतील. आमच्या ताईंनी लावले.

आमचं गाव ब्रह्मपुरीपासून बैलगाडीच्या वाटेवर, वैनगंगेच्या अलीकडे. तिथे तांदूळ मुबलक, मासे मुबलक, ळ मात्र औषधालाही सापडायचा नाही. आमच्या या झाडीपट्टीच्या बोलीत, म्हणजे झाडीत, डोळ्याला डोरा म्हणतात, सकाळला सकार, केळ्याला केरं. ण या अक्षराची सगळी कामं बिचारा न बिनतक्रार करतो. माझे वडील मूळचे याच भागातले, पण रेल्वेच्या नोकरीत त्यांचा जन्म मनमाडकडे गेला, त्यामुळे लग्न होऊन मी इथे आले ती जिभेवर ळ घेऊनच. माप ओलांडल्यावर सासूबाईंनी माझं पहिलं वाक्य ऐकलं आणि शेजारणीला सांगितलं, "सून चांगली हाये, पन पुस्तकावानी बोलते." पुस्तकावानी बोलणं हा आमच्या घरात तिरळेपणासारखा दोष होता. माणूस चांगलं असेल तर तो चालवून घ्यायचा, इतकंच.

ताईंचं लग्न लहानपणीच झालं होतं, आणि नांदायला जाण्याआधीच नवरा तापाने गेला. सासऱ्यांनी मुलीला घरी ठेवलं आणि जीव रमावा म्हणून शाळेत घातलं. तिचा जीव असा रमला की तो शाळेतून बाहेर यायलाच तयार होईना. एकदा मनात घेतलं की ताईंपुढे कुणाचं काही चालत नसे. गणित येईना, तेव्हा त्यांनी गणिताला शिव्या दिल्या नाहीत. चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने उदाहरण लिहून ठेवायचं आणि भात शिजेपर्यंत त्याच्याकडे रागाने बघत बसायचं, हा त्यांचा अभ्यास. शेवटी गणितानेच हार मानली. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा ताई पास होत्या, पण अगदी काठावर. आणि त्यांना जायचं होतं नागपूरला, कॉलेजात.

सासरे तोवर वारले होते. घरात शब्द चालायचा तो आमच्या ह्यांचा, आणि शब्द खर्च करण्यात हे फार कंजूष. निकालाच्या दिवशी त्यांनी एकदाच सांगितलं, "जागा भेटली त जाय. नाई भेटली त सिंदेवाहीवाल्यायले हो म्हनू." सिंदेवाहीला भाताच्या गिरणीचा मालक होता, बिजवर, दोन पोरांचा बाप. आमच्याकडे विधवेचा पाट लावतात, त्यात काही वावगं मानत नाहीत. गिरणीवाला माणूसही वाईट नव्हता. पण ताईंना त्याच्या गिरणीत जायचं नव्हतं. त्यामुळे त्या वर्षी जागा मिळणं आणि न मिळणं यांत कॉलेज आणि कोंडा एवढा फरक होता.

त्यातच नागपुरात दोन वर्षं काढून नापास होऊन परतलेला एक भाचा घरी आला. नापास झालेल्या माणसाला कॉलेजाची माहिती जरा जास्तच असते. तो पाय पसरून बसला आणि म्हणाला, "मार्कं कमी असले का मुलाखत घेतेत, मावशी. तिथी बोलनं पाह्यतेत. 'मले' म्हनलं का गेली जागा!" ताईंनी त्याच्यापुढचा चहा अर्ध्यावरच उचलून नेला. दुसऱ्या दिवशी त्या पाटी घेऊन माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "वैनी, तुह्याजवरचा ळ मले दे."

द्यायला माझी ना नव्हती. पण ळ म्हणजे काही लोणचं नव्हे, बरणीतून काढून वाटीत घातलं की झालं. लिहायला बसल्या की ताईंचं अक्षर न् अक्षर बरोबर असायचं, बोलायला लागल्या की जीभ जुन्या वाटेने चालू लागायची. आपल्या र मध्ये कुठेतरी ळ दडलाय, एवढं त्यांना पटलं, पण कुठला र खरा आणि कुठला ळची चोरी केलेला, हे बोलण्याच्या घाईत उमगेना. तेव्हा त्यांनी सगळ्याच र ना आरोपी ठरवलं. म्हशीला चारा घालायच्या ऐवजी चाळा घालू लागल्या. दाराचं दाळ झालं, घराचं घळ. सासूबाई गुडघ्याने अधू. त्या बाजाराला निघाल्या की ताई मागून ओरडायच्या, "आई, लवकळ पळत ये!" परत ये म्हणायचं होतं बापडीला. सासूबाई थांबायच्या, वळून बघायच्या आणि गुडघा चोळत म्हणायच्या, "पोरगी हाये का वैरीन?"

मग घराला नियम लागला. जो 'मले' म्हणेल त्याने विहिरीवरून एक घागर आणायची. ह्यांनी त्यावर सोपा तोडगा काढला, बोलणंच बंद केलं. सासूबाईंनी उलटा काढला. सकाळी उठल्या की त्या मुद्दाम सुरू करायच्या, "मले पानी पाह्यजे, मले भात पाह्यजे, अन् मले पाह्यजे तसंच बोलाले पाह्यजे!" आता त्यांच्या डोक्यावर घागर कोण देणार? त्यांच्या वाट्याची सगळी घागर-वाहतूक माझ्याकडे आली. शुद्ध मराठीपायी एवढं पाणी महाराष्ट्रात दुसऱ्या कुणी वाहिलं नसेल.

संध्याकाळी ताई तलावाच्या पाळीवर जाऊन "कमळ, बाळ, टाळ, माळ" असा घोष करायच्या. तिथे ढिवर जाळी टाकून बसलेले असत. त्यांच्यातला म्हातारा एक दिवस काकुळतीला आला. "काऊन वो ताई, घशात काटा अडकला का? मासोऱ्या भेवून राह्यल्या ना!" ताईंनी त्याला शांतपणे सांगितलं, "मासोळ्या म्हणा, बाबा." म्हाताऱ्याने जाळं गुंडाळलं आणि तो पलीकडच्या काठाला जाऊन बसला. सिंदेवाहीहून गिरणीवाल्याचा भाऊ मुलगी बघायला आला, तेव्हा ताईंनी त्यालाही सोडलं नाही. "बसा, चहा कळते," म्हणाल्या. मी मनात म्हटलं, आता हा उठून जाणार. पण तो ह्यांना हळूच म्हणाला, "जीभ जड असली त काय झालं? भाताचा रोवना त करते ना." तेव्हा पहिल्यांदा मी घाबरले. ताई घाबरल्या की नाही कळलं नाही, कारण त्या पुन्हा पाटी घेऊन बसल्या होत्या.

मुलाखतीला मीच बरोबर गेले. छोट्या लाईनची ती गाडी नागभीडहून अशी रमतगमत निघते की उतरून चालावंसं वाटतं. वाटभर ताई खिडकीकडे तोंड करून पुटपुटत होत्या आणि प्रत्येक फाजील ळ ला मी कोपराने ढोसत होते. नागपूर येईपर्यंत माझं कोपर दुखायला लागलं.

कॉलेजात एका खोलीच्या दाराला पडदा होता आणि बाहेर बाकडं. मी बाकड्यावर बसले, ताई आत गेल्या. आतलं सगळं ऐकू येत होतं. सुरुवात बरी झाली. नाव, गाव, वडील, सगळं ठाकठीक. मग प्रिन्सिपॉलबाईंनी विचारलं, "मुख्य विषय कोणता घेणार?"

"मळाठी," ताई ठणकावून म्हणाल्या.

आत कुणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरं हसलं. मी बाकड्याची कड घट्ट धरली. मग ताईंचा आवाज आला. तो आवाज मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा होता.

"बाई, आमच्या गावात ळ नाई. म्या उन्हाराभर हुडकून आनला, अन् घाईत जरा जास्तच आनला. जास्तीचा असंल थो तुमी काहाडून टाका. पन मले घ्या."

नंतर कुणी हसलं नाही. प्रिन्सिपॉलबाई एवढंच म्हणाल्या, "कळवू आम्ही."

हे कळवू फार वाईट असतं. रोवणीचे दिवस आले, आम्ही सगळ्या गुडघाभर चिखलात. गावाने ठरवून टाकलं होतं की जागा गेली, खुद्द प्रिन्सिपॉलबाईपुढे 'मले' म्हटल्यावर राहतेच कशी? ताईंनी मात्र ट्रंक भरून दाराशी ठेवली होती. येता-जाता सगळे तिला ठेचकाळायचे, पण ती हलवायची सोय नव्हती. "नाई घेतलं त पुढच्या वर्षी जाईन. थे नाई त त्याच्या पुढच्या," असं म्हणत त्या रोपं चिखलात खोचत होत्या. पोस्टमन बांधावरून ओरडत आला तेव्हाही त्यांनी हातातली पेंढी संपवली, मगच वर पाहिलं. जागा मिळाली होती. ह्यांनी आपला एक शब्द खर्च केला, "जाय." आणि मग तोंड फिरवून बैलांना उगीचच दटावू लागले.

होस्टेलच्या फाटकापर्यंत मीच सोडायला गेले. आतून मुलींचे आवाज येत होते, सगळे कसे स्वच्छ, पुस्तकावानी. तिथे ताईंचे पाय थांबले. गणिताला नमवणारी, गिरणीला न भ्यायलेली ती बाई माझा पदर धरून उभी राहिली.

"वैनी, मले भेव लागून राह्यला."

मी तिला सुधारायला तोंड उघडलं, सवयच लागली होती ना. पण बाहेर पडलं ते भलतंच. "काहाले भेता, ताई? मी हावो ना!" मी झाडी बोलले ती तेव्हा पहिल्यांदा.  ताई हसल्या, ट्रंक उचलली आणि आत गेल्या.

पुढे त्यांनी चांद्याला मुलींच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. दिवाळीला येतात. अजून मला टोकतात, "वहिनी, केरं नाही, केळं!" कारण मी आता केरंच म्हणते. आमच्या घरात ळ एकच होता, तो त्या घेऊन गेल्या, आणि मला तो परत मागावासा कधी वाटला नाही. पण परतीची गाडी हलली की या मराठीच्या बाईंचं सगळं व्याकरण फलाटावरच राहतं. खिडकीतून हात काढून त्या ओरडतात, "वैनी, मले चिठ्ठी लिहजो!" गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवते आणि मग पदराने डोळे पुसते. डोळे कसले, डोरेच ते.