ट्रायलचा जोड

"मी दिलेले बूट कुठायत?" मी विचारलं.

मनीषाने आईकडे पाहिलं. आईने खाली. मनीषाच्या पायात कुणाचे तरी कॅनव्हासचे शूज होते, टाचेवर चिकटपट्टी, आणि परवा तिची फॉरेस्ट गार्ड भरतीची चालण्याची परीक्षा.

नगरला माझं बुटांचं दुकान आहे. ट्रेकिंगवाले, सिक्युरिटीवाले, फॉरेस्टवाले असं गिऱ्हाईक. मोजडी मागितलीत तर समोरचं दुकान दाखवतो. मनीषा तिसगावची. उन्हाळ्यात वडिलांबरोबर आली होती. या भरतीत शेवटी ठरलेल्या वेळात लांबवर चालून दाखवावं लागतं. बऱ्याच जणांचं साध्या स्पोर्ट्स शूजवर भागतं. हिचा घोटा एकदा मुरगळलेला, म्हणून घोट्याला धरून ठेवणारे बूट हवे होते.

तेव्हा मी त्यांना मुद्दाम संध्याकाळी बोलावलं. दिवसभरात पाय थोडा फुगतो, सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो. जाड मोजे घालून मनीषाला दुकानातल्या लाकडी उतारावर चालवलं. उतरताना अंगठा पुढे आपटला तर बूट लहान. चढताना टाच आत वरखाली झाली तर मोठा. त्याला आम्ही हील स्लिप म्हणतो, फोड तिथूनच येतात. बऱ्याच खटपटीनंतर एक जोड नेमका बसला.

"एक नंबर वाढवून द्या," वडील म्हणाले. "लई दिस जातील."

"आप्पा, पाय वाढायचं वय गेलं तिचं."

ते हसले. जाताना मी मनीषाला बजावलं, रोज घालून चाल, बूट पायाला सरावायला महिना तरी लागतो.

आणि आता ती माझ्यासमोर बिनबुटाची.

"आईने शिंगणापूरला सोडले," ती हळूच म्हणाली.

बाहेरच्यांसाठी सांगतो. शनीच्या दारात पायातलं पायताण सोडून अनवाणी परतलं की पनवती, म्हणजे मागे लागलेला वाईट काळ, त्या पायताणाबरोबर जाते असं आमच्याकडे मानतात.

"बूट घरात आले अन् पंधरवड्यात हिचे आप्पा गेले," आई म्हणाली. "बसल्या जागी. भावकीतल्या बाया म्हन्ल्या, बुटातनं पनवती आली. मी भ्याले, भाऊ. एकुलती पोर हाय. हिला काय झालं तर मी कुनाकडं बघू?"

आप्पा गेल्याचं मला माहीत नव्हतं. मी तसा फटकळ माणूस. पण त्या दिवशी ताईंना फक्त बसायला स्टूल दिलं.

"तसलेच नवे द्या," आई म्हणाली.

"आहेत. पण देणार नाही."

"का बरं?"

"ताई, नवं लेदर कडक असतं. अर्ध्या वाटेत टाच सोलून निघेल आणि ही रस्त्याच्या कडेला बसेल."

मनीषाचं वयात बसणारं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या भरतीचा अर्जच भरता येणार नव्हता. तिने ते आईला सांगितलेलं असणार.

मी आतून ट्रायलचा जोड काढला. प्रत्येक मापाचा एक जोड मी विकायला नाही, गिऱ्हाइकाला उतारावर चालवायला ठेवतो. वर्षभर लोकांच्या पायांनी मळून तो मऊ झालेला असतो. मनीषाने घातला. चढली, उतरली, परत चढली.

"बसले, काका."

"काढ," आई उठलीच. "दुसऱ्याचं पायताण? कुनाकुनाची पनवती आसंल त्यात!"

मनीषाने बूट काढले नाहीत.

ती आईकडे वळली. "आप्पांनी घेतलेले तू सोडलेस. मी तुला एका शब्दाने बोलले नाही. आता हे नाही म्हणालीस तर मी अनवाणी चालीन, पण चालणार."

आई स्टुलावर बसली आणि स्वतःची चप्पल काढली.

"दे हिकडं. आधी मी घालते. त्यात काय आसंल ते माझ्या पायाला लागू दे."

मी खाली बसून तिच्या लेस बांधल्या. बूट तिला चांगलेच मोठे होत होते. एका हाताने लुगडं सावरत, दुसऱ्या हाताने कठड्याला धरून ती उतारावर चढली, उतरली. पलीकडे बूट बघणारी दोन गिऱ्हाइकं हातातले बूट ठेवून तिच्याकडे वळली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. मग तिने बूट काढले, पदराने आतून पुसले आणि लेकीपुढे ठेवले.

"घाल आता."

मनीषा वेळेत पोचली. अंगठ्याचं नख काळं पडलं, टाच शाबूत राहिली. पुढे तिला आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात पोस्टिंग मिळालं. ड्युटीचे बूट घ्यायला दोघी आल्या, तेव्हा ट्रायलचा जोड परत आणला असेल म्हणून मी हात पुढे केला.

"त्यो न्हाई मिळायचा," आई म्हणाली. "त्यो घरात ऱ्हानार. कुठं सोडायचा न्हाई."

तेव्हापासून भरतीचे बूट घ्यायला कोणी एकटं आलं, की मी आधी विचारतो, घरी कोण आहे? त्यांनाही घेऊन या. माप त्यांच्यासमोर घेतो. बूट सरावायला महिना लागतो, हे घरच्यांनीही ऐकलेलं बरं.